न वाजणारे बूट

आमच्या घरात खुर्च्यांची कमी नाही, पण आमची ही त्यांतल्या एकीवरही धड बसलेली मला आठवत नाही. चहा उभ्याने, फोन उभ्याने, माझ्याशी भांडणदेखील उभ्याने. नर्सची नोकरी लागली तेव्हापासूनची ही सवय. बसलं की पाय आठवतात, असं तिचं म्हणणं. मी आजवरची सगळी नोकरी खुर्चीत बसून हिशेब जुळवण्यात घालवली. त्यामुळे संसारात बसायचं खातं माझ्याकडे आणि उभं राहायचं तिच्याकडे, अशी वाटणी आपोआपच झाली.

ती डोळ्यांच्या वॉर्डात आहे. तिथे येण्याआधी इतर वॉर्डांतून बरीच फिरली, पण इथे आली आणि रमली. यंदा आमची लेकही नर्स झाली. दुसऱ्या इस्पितळात, सर्जरीच्या वॉर्डात. तिच्या पहिल्या ड्यूटीच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तिचं सामान मांडलं होतं आणि मायलेकींची जुंपली होती.

"हे काय?" हिने एक मनगटी घड्याळ उचललं.

"घड्याळ आहे, आई."

"ते मलाही दिसतंय. हात धुताना दर वेळी काढणार का? हे घे." हिने स्वतःचं जुनं घड्याळ पुढे केलं. छातीवर पिनेने लावायचं, उलटं लटकणारं. "सेकंदाचा काटा आहे की नाही तेवढं बघायचं. नाडी मोजायला तेवढाच लागतो. पेनं किती घेतलीस?"

"एक."

"दोन घे. एक तुझं, एक डॉक्टरांना द्यायला. ते परत येत नाही."

मी हसलो. तशी ती माझ्याकडे वळली. "तुम्ही हसू नका. तुमच्या ऑफिसात पेन हरवलं म्हणून कुणाचं इंजेक्शन राहतं का?"

मग बोथट टोकाची कात्री आली, चिकटपट्टीचं रीळ आलं, जास्तीचे मोजे आले. अर्धी ड्यूटी झाली की मोजे बदलायचे, पाय नव्याने सुरू होतात. हात धुऊन धुऊन चिरतात म्हणून मलमाची छोटी डबी. चार्ज घेण्याआधी बाथरूमला जाऊन यायचं, मग कधी जमेल सांगता येत नाही. डब्यात असं काहीतरी हवं, जे दोन घासांत संपतं आणि अर्धवट सोडलं तरी जीव जळत नाही.

"आणि खिशात काहीही वाजता कामा नये," ही म्हणाली. "कात्री आणि किल्ल्या वेगवेगळ्या खिशात. मध्ये रुमाल. पेशंटला झोप लागायला किती वेळ जातो ते त्यालाच माहीत असतं. तुझ्या खुळखुळ्याने मोडायची नाही."

"तू बोलूच नकोस," लेक म्हणाली. "तुझे ते बूट! जिन्यात तू येतेस की घोडा येतो, शेजाऱ्यांना कळत नाही."

यावर मात्र आई मोज्यांची पुन्हा घडी घालू लागली. बूट जुने होते, टाचा कडक होत्या, फरशीवर टकटक वाजत. पण खरं दुखणं निराळं होतं. काही महिन्यांपासून सकाळी पहिलं पाऊल टेकवताना ती भिंत धरायची. टाच इतकी दुखे की डोळ्यांत पाणी यायचं. वॉर्डात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर केसपेपरच्या खिडकीत बसवतील, आणि बसून काम करणं हिला मंजूर नव्हतं.

लेकीने पहिल्या पगारात आईला बूट आणले. पांढरे, मऊ तळव्याचे, टाचेखाली जाड गादी. ही ते घालून स्वयंपाकघरात चालली आणि मला पत्ताच लागला नाही. मागून "चहा" म्हणाली आणि माझ्या हातातला पेपर उडाला.

"चोर बूट आहेत हे," मी म्हणालो.

"असू देत. पाय माझे वाचताहेत ना?" ती इतकी खूश होती की मीही पेपर गोळा करून चहा घेतला.

त्याच सुमारास तिच्या वॉर्डात एक शिलाईकाम करणाऱ्या बाई दाखल झाल्या होत्या. सगळे त्यांना टेलरमावशी म्हणत. एका डोळ्याची दृष्टी लहानपणीच गेलेली. दुसऱ्या डोळ्याचा पडदा सुटला म्हणून ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी. म्हणजे दोन्हीकडे अंधारच. त्यातून डॉक्टरांनी पालथं झोपून राहायला सांगितलेलं. पलंगाच्या कडेबाहेर टेकवलेली, मध्ये पोकळ असलेली गोल उशी, त्या पोकळीत चेहरा, तोंड जमिनीकडे. मावशी बोलायच्या ते जणू फरशीशीच. पण जीभ तल्लख. ही दारातून आत आली की मावशी खालूनच म्हणायच्या, "आली माझी घोडागाडी." बिचाऱ्यांची सगळी धास्ती एकच होती. "सिस्टर, सुईत दोरा ओवता येईल ना हो मला? नाहीतर सून म्हणेल, सासूबाई आता नुसत्या जेवायला उरल्या."

नवे बूट घालून ही कामावर गेली त्याच दुपारी घोटाळा झाला.

थेंब घालायची वेळ होती. मावशींना डुलकी लागली होती. हिने औषधांची ट्रॉली पलंगाला लावली, "मावशी, थेंब," म्हणत खांद्यावर हात ठेवला. मावशी दचकून ताडकन उठल्या आणि पट्टीचा डोळा ट्रॉलीच्या कडेवर आपटला.

डोळ्यांच्या वॉर्डातला पहिला नियम असा की पट्टीच्या पेशंटला आधी हाक मारायची, त्याने ओ दिली की मगच हात लावायचा. ही तो नियम नव्या मुलींना स्वतः शिकवते. आपण तो पाळतो अशी तिची खात्रीच होती. पण बोलणं आणि हात लावणं तिच्याकडून केव्हाचंच एकदम होऊ लागलं होतं. आधी बोलायचे ते बूट. दारापासून पलंगापर्यंत टकटक करत तेच मावशींना जागं करायचे, सावध करायचे. नवे बूट काहीच बोलले नाहीत.

हिने तिथल्या तिथे डॉक्टरांना बोलावलं, जसं घडलं तसं सांगितलं. पट्टीवरचं कडक झाकण होतं म्हणून डोळा फुटला नाही. पण आत पुढच्या बाजूला रक्त उतरलं होतं. पडदा जागेवर दिसतोय, डॉक्टर म्हणाले, पण नजर किती येईल ते रक्त विरल्यावरच कळेल. तोवर थांबायचं.

थांबणं हिला कुठून जमणार? घरी आली ती बूट न काढताच मोरी घासायला लागली. मग कपाटं काढली. धुतलेले डबे पुन्हा धुतले. टाच दुखत होती ते दिसत होतं, तरी या खोलीतून त्या खोलीत येरझारा. मी म्हणालो, "अगं, बस जरा." तर म्हणाली, "बसून काय होणार आहे?" उभं राहूनही काय होणार होतं, ते मी विचारलं नाही. जेवायला वाढलं तर भात चिवडत ओट्याशीच उभी.

लेक ड्यूटीवरून आली आणि रडवेली झाली. "माझ्यामुळे झालं, आई. मीच ते बूट आणले."

"बुटांनी हात ठेवला नव्हता, मी ठेवला," ही म्हणाली. "जा, पाय धू."

दुसऱ्या दिवशी तिने जुने बूट काढले. मी आडवा आलो. "या टाचेने दिवसभर उभी राहणार?"

"मावशींना कळायला नको मी आले ते?"

गेली. संध्याकाळी परतली ती लंगडत. आणि जुन्या बुटांचाही उपयोग झाला नव्हता. ही लंगडत असल्यामुळे टकटक बदलली होती. मावशींनी "कोण? कोण आहे?" म्हणत उशी घट्ट धरून ठेवली होती. नेहमीची थट्टा नाही. थेंब घालताना त्यांचं सगळं अंग काडीसारखं ताठ. ही मला म्हणाली, "माझ्या हाताला घाबरतात हो त्या." आणि ओट्यावरचं फडकं पिळत राहिली, त्यात पाण्याचा थेंब नसताना.

मलाही करमेना. ऑफिसात बेरीज करताना मध्येच मावशींचा डोळा आठवायचा. घरी फोन वाजला की आम्ही तिघंही उठायचो. रक्त हळूहळू विरतंय, एवढंच रोज कळे. एकदा डॉक्टरांनी डोळ्यासमोर बोटं धरून विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "धूर दिसतोय." धूर म्हणजे चांगलं की वाईट, यावर ही घरभर फिरत स्वतःशीच वाद घालत होती.

शेवटी तोडगा लेकीने काढला. सकाळी आई जुने बूट घालायला वाकली तशी लेकीने ते उचलून कोनाड्यात वर ठेवले आणि नवे समोर आणले.

"हे घाल. आणि कात्री नि किल्ल्या एकाच कडीत अडकव. कमरेला. रुमाल काढून टाक मधला."

"खुळखुळा होईल."

"व्हायलाच हवा. तुझा नियम माझ्या वॉर्डातला आहे, आई. तुझ्या वॉर्डात ज्यांना दिसत नाही त्यांना ऐकू यायला नको?"

आईने लेकीकडे असं काही पाहिलं, की मला वाटलं आता ओरडा बसणार. पण तिने वाजवून बघायला घरच्याच किल्ल्या कात्रीला जोडल्या, कमरेला लावल्या आणि घरात एक फेरी मारून पाहिली. छुनछुन, छुनछुन. मी म्हणालो, "घोडागाडीचं बैलगाडीत रूपांतर झालं." पुष्कळ दिवसांनी ती हसली.

त्या दिवसापासून ती दारातच थांबायची. कडीत अडकवलेल्या औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या वाजवायची, "मावशी, मी येतेय" म्हणायची, ओ येईपर्यंत हात स्वतःपाशी ठेवायची. पहिल्या दिवशी ओ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी उशीतून आवाज आला, "घोडा विकला का?" हिने ते मला घरी येऊन उभ्या उभ्या तीनतीनदा सांगितलं. पण नजरेचा प्रश्न तसाच होता. पट्टी काढली होती, मावशी पालथ्याच, आणि विचारलं की तोच धूर. डॉक्टर म्हणत होते, अजून थोडं. हिची येरझार काही थांबली नव्हती.

मग एक दिवस मी तिला घ्यायला इस्पितळात गेलो. ड्यूटी संपायला आली होती. मी वॉर्डाच्या दाराशी उभा. हिने पुढच्या पाळीच्या सिस्टरला सगळं समजावून सांगितलं, कडीतल्या किल्ल्या काढून तिच्या हातात दिल्या, कात्री खिशात टाकली. पर्स उचलली. निघता निघता मावशींना निरोप द्यायला पलंगाकडे वळली.

पलंगापासून हातभर अलीकडेच ती थबकली. तिच्या लक्षात आलं होतं. कमरेला काही वाजत नव्हतं. बूट तर मुकेच. तिने हात मागे घेतला आणि "मी आलेय" म्हणायला तोंड उघडलं.

त्याआधीच उशीच्या पोकळीतून आवाज आला. "किल्ल्या देऊन आलात वाटतं?"

ही जागच्या जागी उभी. "तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? बूट आले की समोर. पांढरे आहेत, होय? मला वाटत होतं काळे असतील." मावशी जमिनीकडे बघतच बोलत होत्या. "आणि डाव्या बुटाची नाडी सुटलीय. पडाल हं, सिस्टर. पांढऱ्या नाडीला मध्ये निळा धागा आहे. शोभत नाही तो."

मी दारातून पाहिलं. डावी नाडी सुटलेली होती. निळा धागा मला इतक्या दिवसांत कधी दिसला नव्हता.

हिने पलंगाखालचं स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि वाकून नाडी बांधू लागली. बांधून झाल्यावर उठेल म्हणून मी स्कूटरची किल्ली काढली. पण ती उठली नाही. पाय पुढे ताणून, मांडीवर हात ठेवून तशीच बसून राहिली. "मावशी," ती म्हणाली, "त्या निळ्या धाग्याला नेमकं काय झालंय, ते सांगा बघू."

मी किल्ली खिशात ठेवली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.