ऐरोलीतले फुकट सिनेमे

एकट्या माणसाच्या घरात किस्से फार लवकर साठतात. इतरांच्या घरी ते जेवताना सांगून संपतात. माझ्याकडे ताट एकच, त्यामुळे ते तसेच पडून राहतात. आज बसलाच आहात, तर थोडे घेऊन जा!

मी कुंदा. पावण्याच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात अकाउंट्स बघायचे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा नोकरी सोडली, आणि मग आईही गेली. ऐरोलीतल्या वन-बीएचकेत उरले मी आणि टीव्ही.

त्या टीव्हीवर भाच्यानं, अमोलनं, आजीच्या आजारपणात येऊन त्याचं कुठलंसं सिनेमांचं अॅप टाकून दिलं होतं. ते चालू केलं की पहिल्यांदा स्क्रीनवर प्रश्न येतो, ‘कोण बघतंय?’ खाली चेहरे. अमोल, त्याची बायको केतकी आणि तिसरा, ‘किड्स’. माझा चेहरा कुठेच नव्हता. दुसऱ्याच्या नावावर कशाला जा, म्हणून मी आपली ‘किड्स’वर जायचे. दुपारभर हत्तीच्या पिल्लांची कार्टून बघायचे.

एक दिवस अॅप बंद. तेवढ्यात पुण्याहून अमोलचाच फोन. “आत्या, एक गंमत सांगतो. कोणीतरी आमचं अकाउंट हॅक केलं होतं गं! आणि बघत काय होतं, तर हत्तीची कार्टून! लगेच पासवर्ड बदलला.”

मी म्हटलं, “बरं केलंस बाबा. असतात मेली एकेक माणसं!”

*

मग मी ठरवलं, कोणाच्या नावावर जायचंच नाही. कॉम्प्युटरवर टाइप केलं, ‘जुने सिनेमे फुकट’.

सांगते तुम्हाला, तसं कधी टाइप करू नका! पानभर ‘डाऊनलोड’ची हिरवी बटणं आली. एक दाबलं तर मला मोबाइल बक्षीस लागला. दुसरं दाबलं तर कॉम्प्युटरला व्हायरस झाल्याची बातमी आली. तिसरं दाबल्यावर एका लिपस्टिकवाल्या बाईचा फोटो उघडला आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘ऐरोलीतल्या एकाकी स्त्रिया तुमची वाट पाहत आहेत!’

मी बघतच राहिले. पत्ता अगदी बरोबर होता!

*

खरे फुकट सिनेमे कुठे असतात ते मला विनीतनं दाखवलं. विनीत आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, इथल्याच एका आयटी पार्कमध्ये नोकरीला आहे. नोकरी सोडून सिनेमाचं शिक्षण घ्यायचं त्याचं स्वप्न. ते जमत नव्हतं म्हणून तो घरबसल्या शिकत होता. त्यानं समजावलं, “ताई, ज्यांचा कॉपीराइट संपला ते सिनेमे सगळ्यांचे. देशोदेशीची संग्रहालयं, विद्यापीठं, लायब्रऱ्या ते नेटवर ठेवतात. आपल्याकडची सरकारी माहितीपटांचीही जुनी खाण आहे. लॉगिन नको, पासवर्ड नको.”

लॉगिन नको म्हटल्यावर मला तो माणूस देवासारखा वाटला.

आम्ही सोसायटीची लायब्ररीची खोली मागून घेतली. पुस्तकांची कपाटं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर सोसायटीच्या बैठकांसाठी लावलेला मोठा टीव्ही. सेक्रेटरी म्हणाले, “फुकट आहे म्हणता, म्हणजे त्यात काहीतरी असणार!” पण चावी दिली. मी बोर्डावर लावलं, ‘रविवारी चार वाजता जुने सिनेमे. कोणीही यावे.’

पहिल्या रविवारी आले एकटे म्हात्रे काका. ते सोसायटीतले नव्हेत. मागच्या गावठाणातले, इथले मूळचे. त्यांच्या शेतांवरच आमच्या बिल्डिंगी उभ्या आहेत. आता गावठाणात त्यांची चार मजली चाळ आहे, भाडेकरूंनी गच्च भरलेली. काकी गेल्यापासून तळमजल्यावर स्वतः एकटे.

सिनेमा होता परदेशी, डोंगरातल्या एका मेंढपाळाचा. अर्धा वेळ नुसता वारा. काका शेवटपर्यंत हलले नाहीत. मी विचारलं, “काका, कसा वाटला?”

“पिच्चर कय कलला नाय,” काका म्हणाले. “पन बाजूला कोनतरी बसलाय, बरा वाटला.”

जाताना दारात थांबले. “पयले भाडोत्री भारा देवाला तरी घरान येवाचे. च्या पिवाचे. आता पैसं मोबाइलवं, टिंग व्हतंय. टिंगला कय च्या पाजू?”

*

विनीतला प्रत्येक सिनेमाआधी आणि मध्ये बोलायची भारी हौस. ‘फ्रेम’, ‘डेप्थ’, ‘स्पेस’. आम्ही ऐकून घ्यायचो. तोपर्यंत आमच्यात शेजारच्या विंगमधल्या दोन-तीन बायकाही यायला लागल्या होत्या.

एका रविवारी कुठलासा जुना युरोपियन सिनेमा चालू होता. एक म्हातारा दारात उभा. हात कडीवर. आत जावं की नको? तो हलेना. कॅमेराही हलेना. विनीत पुढे सरसावला.

“बघा, बघा! किती धाडस आहे दिग्दर्शकाचं! दुसऱ्या कोणीही इथे कट केला असता. हा करत नाही. काळच थांबवलाय त्यानं. आता आपणही त्या दारात उभे आहोत. आत जायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं!”

आम्ही सगळे दारात उभे राहिलो. बराच वेळ राहिलो. एका बाईंनी तर डोळे पुसले!

मग म्हाताऱ्याच्या पोटावर एक गोल चकती उमटली आणि गरागरा फिरायला लागली. नेट गेलं होतं!

खोलीत असा हशा उसळला की वॉचमन डोकावून गेला. विनीतही हसला. पण सगळे गेल्यावर खुर्च्या लावता लावता मला म्हणाला, “ताई, खरं सांगू? नेट गेलंय हे मला आधीच कळलं होतं.”

“मग बोलत का राहिलास रे?”

“सगळे ऐकत होते ना,” तो म्हणाला. “ऑफिसात मी दिवसभर कॉलवर असतो. म्यूट करून!”

*

फुकटच्या सिनेमांना सबटायटल्सही फुकटचीच! म्हणजे मशीन ऐकतं आणि आपल्या मनानं मराठी करतं.

सिनेमा इंग्रजी होता. बाहेर बर्फ पडतोय, खिडकीशी एक म्हातारा भाऊ, खुर्चीत दुसरा म्हातारा भाऊ. थोरल्याची बायको नुकतीच वारलेली. थोरला वळतो, धाकट्याकडे बघतो, आणि खाली मराठीत अक्षरं येतात:

‘मी कर्ज आहे.’

धाकटा मान हलवतो. ‘आपण सगळेच कर्ज आहोत.’

म्हात्रे काकांनी मला हळूच विचारलं, “कोनच्या बँकेचा?”

मला हसू आवरेना! विनीतनं थांबवून, मागे नेऊन ऐकलं. म्हातारा म्हणत होता, “आय अॅम अलोन.” मशीननं ऐकलं, “अ लोन.” झालं! दोन्ही भाऊ बँकेच्या दारात!

ती सबटायटल्स सुधारून पाठवायची सोय असते. विनीत म्हणाला, “आपणच करू.” आम्ही बसलो. पण या एका वाक्याशी अडलो. ‘मी एकाकी आहे’ म्हणजे कवितेतलं वाटायला लागलं. ‘मी एकटा आहे’ म्हणजे कोणी रिक्षावाल्याला सांगतोय तसं. ‘मी एकटा पडलोय’ म्हणजे तक्रार, आणि म्हातारा तर तक्रार करत नव्हता.

काका कंटाळले. “कवाचा कय घोल घातलाव? ‘घरान कोन नाय’ असा लिवा ना!”

आम्ही तसंच लिहून पाठवलं. ‘घरात कोणी नाही.’ आता जगात कोणीही तो सिनेमा मराठीत बघितला, तर तो म्हातारा म्हात्रे काकांचं वाक्य बोलतो.

*

काकांचाच अजून एक. हा हसण्यातला नाही, तरी सांगते.

सरकारी माहितीपटांत मला एक छोटी जुनी रीळ सापडली. खाडीकाठची मिठागरं, उघड्या पायांनी मीठ ओढणारी माणसं. कुठली खाडी ते लिहिलेलं नव्हतं. काकांनी लहानपणी हे काम केलेलं. त्यांनी ती रीळ हरखून बघितली आणि लिंक कॅनडातल्या नातवाला पाठवली.

त्या पानावर खाली आकडा असतो, किती वेळा बघितलं त्याचा. मिठागर कोण बघणार? आकडा अगदीच बारका होता. काका रोज पान उघडून आकडा तेवढा बघायचे. रीळ नाही हं, ती लावली तर आपलाच आकडा वाढेल म्हणून! आणि पुढच्या रविवारी आले ते फुललेल्या चेहऱ्यानं. “वाडला! नातू बगतंय!”

तो आकडा माझ्यामुळे वाढला होता. विनीतला दाखवायला मी आठवड्यात मध्येच एकदा रीळ लावली होती. सांगणार होते मी त्यांना, तोंडही उघडलं होतं. पण काका पुढे बोलतच होते. “फोन केला त घाईन असतंय. आजोबा, मीटिंग हाय, आजोबा, मंग करतो. पन पिच्चर बगतंय. माजा पाय चिखलान कसा जावाचा, त्याला आता कलला आसंल.”

मी तोंड मिटलं.

तेव्हापासून सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी मिठागर लावते. चहा उकळेपर्यंत ते संपतं. मला आता त्यातली सगळी माणसं ओळखू येतात.

*

आता हा शेवटचा. याच्या वरचढ माझ्याकडे किस्सा नाही.

आमच्या बागेत एक बाई रोज संध्याकाळी त्याच बाकावर बसायच्या. सुमनताई. पावण्यालाच पत्रा दाबायच्या मशीनवर त्यांनी उभा जन्म काढला, आणि त्या धडधडाटात हळूहळू कान गेले. कानाला यंत्र लावूनही उपयोग होत नव्हता. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना कळायचं. पण त्यासाठी समोर कोणीतरी उभं तर राहायला पाहिजे! भावाच्या घरी राहायच्या. घरचे बोलायचे ते पाठमोरे, काम करता करता.

एका आठवड्यात विनीतला आपल्याकडच्या एका मूकपटाचे तुकडे सापडले. बाकीचा सिनेमा कधीच जळून गेलेला. मी बाकासमोर उभी राहिले आणि सावकाश म्हटलं, “रविवारी या. आवाज नसलेला सिनेमा आहे.”

त्या म्हणाल्या, “म्हणजे सगळेच माझ्यासारखे!” आणि आल्या.

सिनेमा राजाराणीचा. राजा लढाईला निघालाय, राणी त्याचा हात धरून रडतेय. पडद्यावर पाटी आली, ‘नाथ, आपण गेल्यावर या महालात मी कुणाच्या आधारे राहू?’ आम्ही सगळे गंभीर. आणि सुमनताई फसकन हसल्या!

सगळ्यांनी वळून बघितलं. त्या तोंडावर पदर धरून म्हणाल्या, “अहो, ती तसं नाही म्हणत! ती म्हणतेय, ‘हळू धर मेल्या, बांगडी फुटेल!’”

मग विनीत ताडकन उठला. “मराठीत बोलतायत ते? ताई, तुम्हाला कळतंय?”

कळत होतं! तेव्हा आवाज टिपलाच जात नव्हता, म्हणून ते नट वाटेल ते बोलत होते. विनीत मागे नेऊन, थांबवून, पुन्हा लावत राहिला आणि सुमनताई सांगत राहिल्या. राजा तलवार उपसून गरजला, पाटी आली, ‘रणांगण मला बोलावते आहे!’ सुमनताई म्हणाल्या, “म्हणतोय, ‘हा पट्टा कोणी बांधला? श्वास घेता येईना!’” मागच्या रांगेतला भालदार शेजाऱ्याला विचारत होता, “जेवण आलं का रे?” आम्ही पोट धरून हसत होतो. सुमनताईंना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे त्या मोठ्यानं बोलतात. त्या दिवशी खोलीभर त्यांचाच आवाज होता. आम्ही सगळे बहिरे आणि त्या एकट्या ऐकणाऱ्या! कितीतरी वर्षांत त्यांच्या तोंडाकडे एवढ्या माणसांनी बघितलं नसेल.

मग शेवटचा तुकडा आला. राजा गेलेला. राणी महालाच्या खिडकीत एकटी. कॅमेरा जवळ गेला तेव्हा कळलं, ही बाई नाहीच, मुलगी आहे. तेरा-चौदाची असेल. मुकुट मोठा होऊन कानांवर उतरलेला. तिनं कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघितलं आणि तिचे ओठ हलले.

पाटी आली नाही.

आम्ही सगळे हसायच्या तयारीत सुमनताईंकडे वळलो. त्या हसत नव्हत्या.

विनीतनं त्यांच्या समोर येऊन विचारलं, “ताई? काय म्हणाली?”

“ती म्हणतेय...” सुमनताईंचा आवाज एकदम बारीक झाला. “ती म्हणतेय, ‘आई, आता घरी जायचं?’”

म्हात्रे काका खुर्चीत पुढे झुकले.

“मंग आय कय बोलली?”

आई पडद्यावर नव्हती. ती कॅमेऱ्याच्या मागे कुठेतरी उभी असणार. मुलगी तिकडे बघत राहिली, आणि तुकडा तिथेच तुटला.

सुमनताई म्हणाल्या, “परत लावा.”

विनीतनं सिनेमा थोडा मागे नेला. मुलीनं पुन्हा विचारलं.