टेक्नेशियम थांबत नाही

स्कॅन विभागातल्या ताईंना दम म्हणून धरवत नसे. चहा उभ्यानेच, बोलणं चालता चालता. दोष त्यांचा नव्हता, टेक्नेशियमचा होता. हे मूलद्रव्य माणसाने यंत्रात घडवलेलं. जमिनीत शोधायला गेलात तर जवळजवळ काहीच हाती लागायचं नाही. त्यातही हॉस्पिटलात स्कॅनच्या औषधात घालतात तो प्रकार सहा तासांत अर्धा उरतो, पुढच्या सहा तासांत त्याचाही अर्धा. साठवायची सोयच नाही! म्हणून शिशाच्या जाड डब्यात मॉलिब्डेनम येतं, त्याचं आतल्या आत टेक्नेशियम होत राहतं आणि ताई रोज सकाळी मिठाचं पाणी सोडून ते धुऊन काढतात. डब्याला सगळे गाय म्हणत. "धार काढली का?" हाच तिथला नमस्कार.

आज धार काढताना ताईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पहिला पेशंट त्यांचा सख्खा दादा होता. गाठ काढून झाली होती. रोग हाडांत उतरलाय का, ते बघायचं होतं. आणि दादाचा पत्ता नाही! शेवटी तो लिफ्टजवळ भिंतीवरच्या सूचना वाचताना सापडला.

"अरे, इथे काय करतोयस? तिकडे औषध संपत चाललंय!"

"संपू दे की. घरी जाऊ."

"गप चल."

सुई टोचताना तो म्हणाला, "डॉक्टरची वाट बघायला लावू नकोस. तूच सांग."

"सांगेन."

औषध हाडांत मुरेपर्यंत तीन तास. एरवी ताई नातेवाइकांना पेशंटपासून लांब पिटाळत, "किरण निघतात हो त्यांच्यातून!" आज त्याच पुन्हा पुन्हा दादाच्या बाकाशी घुटमळत होत्या.

मग कॅमेरा डोक्यापासून पायांकडे सरकू लागला. हाड दुखावलेलं असेल तिथे औषध जास्त गोळा होतं, पडद्यावर काळं दिसतं. कवटी स्वच्छ. बरगड्या स्वच्छ. ताईंच्या जिवात जीव आला. मग कंबर आली.

दादा शर्टाची बटणं लावत बाहेर आला. "बोल."

"डॉक्टर सांगतील," ताई म्हणाल्या. रोज सगळ्यांना म्हणत तेच तोंडातून निघालं.

दादाने उरलेली बटणं सावकाश लावली. "बरं. कळलं मला. तू जा, पुढचा पेशंट खोळंबलाय तुझा."

ताईंना रडू आवरेना. रडत रडतच त्यांनी पुढची सुई भरायला घेतली, कारण कुपीतलं औषध कमी होत चाललं होतं आणि पुढच्या बाई बाही वर करून बसल्या होत्या.