शैला मॅडमनी मागे घेतलेला पेपर

माझं जर्मनीला जाणं ज्या बाईंनी रद्द केलं, त्या आज पहाटे गेल्या.

शैला मॅडम. माझ्या पीएचडीच्या गाईड. ठाण्याला नौपाड्यात एकट्या राहायच्या. फुप्फुसं थकली होती. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, असं त्यांचा भाचा म्हणाला.

मॅडम मायक्रोबायॉलॉजिस्ट. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट बघितली: पेशीच्या आत माल इकडून तिकडे जातो कसा.

पेशीत प्रोटीन एका जागी तयार होतं आणि लागतं भलत्याच जागी. ते इवल्याशा पिशव्यांत भरून पोचवलं जातं. या पिशव्यांना हलवतं कोण, हा मॅडमचा प्रश्न. आणि तो सोडवायला हाताशी यीस्ट. तेच, पावात घालतात ते.

मॅडमची एक सवय होती. विद्यार्थ्याचा पेपर छापायला जाण्याआधी त्यातला मुख्य प्रयोग त्या स्वतःच्या हाताने करून बघायच्या. आम्ही मागून हसायचो. "चला, मॅडम मीठ बघणार!"

माझा पेपर मोठा होता. यीस्टमधलं एक प्रोटीन आम्ही काढून टाकलं आणि पिशव्या वाटेतच अडकल्या. मायक्रोस्कोपखाली या पिशव्या चमकत्या हिरव्या ठिपक्यांसारख्या दिसायच्या; ते ठिपके नुसते गर्दी करून उभे. म्हणजे पिशव्या हलवणारं प्रोटीन सापडलं!

पेपर accept झाला. जर्मनीतल्या एका लॅबने कळवलं, पेपर छापून आला की ये. बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत होते. त्यांनी अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले.

मग डिसेंबरात मॅडमनी मीठ बघितलं.

त्यांच्या हातून ठिपके अडकलेच नाहीत. सगळा माल व्यवस्थित पोचला.

त्यांनी पुन्हा केला. मग मला करायला लावला. तेच.

कारण सापडलं तेव्हा मला आधी हसू आलं, मग रडू. मायक्रोस्कोप दुसऱ्या बिल्डिंगमध्ये होता. मी सगळे प्रयोग एप्रिल-मेमध्ये केलेले, फ्लास्क हातात घेऊन कंपाउंडमधून भर उन्हात चालत जायचे. साधं यीस्ट ते ऊन सोसत होतं. आमचं बदललेलं यीस्ट सोसत नव्हतं. पिशव्या अडकत होत्या त्या ठाण्याच्या उन्हाने.

थंड देशातल्या कुणाला ही चूक करताच आली नसती.

मॅडमनी त्याच दिवशी जर्नलला मेल टाकला. पेपर मागे घेतोय.

आणि रविवारी त्या डोंबिवलीला आमच्या घरी आल्या. न कळवता. मी आतल्या खोलीत जाऊन बसले. दार उघडं ठेवलं मात्र, ऐकू यायला हवं ना.

आईने पोहे केले. मॅडमनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं.

आई म्हणाली, "म्हणजे स्वयंपाक झालाय, पानं मांडलीत, आणि वाढपीच मध्ये उभे राहिलेत."

"अगदी बरोबर! आणि आम्ही म्हणत होतो, यांचा मुकादमच नाही म्हणून हे थांबलेत. ते बिचारे उकाड्याने थांबले होते."

बाबांना यात काही रस नव्हता. "मॅडम, छापून येऊ दे ना. दुरुस्ती नंतर नाही का करता येत?"

"येते. पण तोवर कुठेतरी एखादी मुलगी त्याच्यावर विसंबून स्वतःचं काम सुरू करेल. तिची वर्षं फुकट जातील."

"आणि आमच्या मीनलची गेली त्याचं काय?"

मॅडमनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तिची चूक नाही. उन्हाचा विचार मी करायला हवा होता. ते सांगायलाच आले. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं."

बाबा उठले. शर्ट चढवला आणि त्यांना रिक्षापर्यंत सोडून आले.

जर्मनीची जागा दुसऱ्या कुणाला गेली. माझी पीएचडी लांबली आणि एका छोट्या पेपरवर झाली: उष्णतेने पिशव्यांची वाहतूक मंदावते. फार कुणी वाचला नाही. आज मी ठाण्यातच, कोलशेतला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. बरं चाललंय.

राग पूर्ण गेला, असं म्हणणार नाही. तिकडचा बर्फाचा फोटो कुणी टाकला की अजून चिडचिड होते.

मॅडम रिटायर झाल्यावर मी अधूनमधून नौपाड्यात जायचे. एकदा चहा पिताना विचारलंच. "मॅडम, तुम्हाला काहीच वाटलं नाही का हो तेव्हा?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अगं, असं कसं? मलाही तो पेपर हवा होता. इतकी वर्षं घासली, माझ्या नावावर मोठं असं काहीच नव्हतं. तेवढा एक होता. घरी येऊन ढसाढसा रडले मी."

मी कधी या बाजूने विचारच केला नव्हता. मला वाटायचं, गेलं ते फक्त माझं.

मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. चहा तसाच राहिला.

आज दुपारी सगळं आटोपल्यावर भाचा माझ्याजवळ आला. पेपरात बातमी द्यायची होती. "ताई, मावशीचा सगळ्यात मोठा शोध कोणता? एका वाक्यात सांग ना."

मी बराच विचार केला. म्हटलं, "लिही, पेशींच्या आत होणाऱ्या वाहतुकीवर त्यांनी आयुष्यभर संशोधन केलं."

त्याचा चेहरा पडला. "एवढंच?"

"एवढंच रे. पण त्यांनी जे काही छापलंय ना, ते सगळं खरं आहे."

मॅडम, नमस्कार करते. शांतपणे जा.

तुमची मीनल