पाण्याला ‘येते’ म्हणाले, त्याची गोष्ट

मी एकदा पाण्याला “येते” म्हणाले, ही माझी चूक. हसू नका, आधी ऐका.

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि, खोटं कशाला बोलू, अर्धे वाचून हसते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. अठ्ठाविसाव्या वर्षी तर फक्त स्वतःवर होता. सायवनजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. टेरिकॉटची साडी, गॉगल, आणि बाष्पीभवनावर कुणी न विचारता अर्धा तास बोलायची तयारी... ती बाई आज भेटली तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही.

चारोटीहून कासामार्गे सायवनकडे जाताना सागाच्या झाडीत एक तळं आहे. आता तिथे वनउद्यान झालंय — तिकीटखिडकी, झोपाळे, पायाने चालवायच्या बोटी. तेव्हा नुसतं तळं होतं आणि मी मुलांची सहल नेली होती. निघताना सवयीने पाण्याकडे बघून हात हलवला आणि म्हटलं, “चला, येते.”

काठावर एक म्हातारी टोपलीतले करांदे, म्हणजे रानातले कंद, धूत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “बाय, पाण्याला येते नको सांगू. जाते सांग.”

मला गंमत वाटली. डहाणूला घरी सासूबाईंचं बरोब्बर उलटं. उंबऱ्यावरून “जाते” म्हटलं की परत बोलावून “येते” म्हणायला लावायच्या.

“का हो आजी? इकडे वेगळा नियम?”

“माणसाला येते सांग. माणूस विसरतं. पाणी नाय विसरत. वाट बघत बसंल.”

यावर शहाण्या बाईने काय करावं? मी गॉगल डोक्यावर सरकवला आणि मुलांसमोर तीनदा ओरडले, “येते गं बाई, येते, येते.” मुलं हसली नाहीत. म्हातारीही नाही. तिने करांदे टोपलीत भरले आणि म्हणाली, “बरं. सांगितलंस, तर ये.”

पुढच्याच महिन्यात माझी चिखल्याच्या शाळेत बदली झाली. तळं राहिलं तिकडे. हा माझा पराक्रम मी घरात कधी कुणाला सांगितला नाही — विसरलेच होते.

गेल्या जानेवारीत सून शलाका म्हणाली, आई, सईला बोटीत बसायचंय, चला तुम्हीपण. सई म्हणजे माझी नात, सहा वर्षांची. त्याच तळ्यावरच्या उद्यानात पोचल्यावर शलाका तिकिटं काढायला निघाली.

“आई, हिच्याकडे बघा हं. पाच मिनिटांत आले. झोपू नका.”

“मी काय लहान आहे?” असं म्हणाले आणि झोपले. दुपारचे अडीच, सावलीतला बाक, आणि चारोटीला सुनेची नजर चुकवून खाल्लेली दोन प्लेट भजी.

कानाशी कुणीतरी म्हणालं, “बाय, आलीस ना? मग ये.”

दचकून उठले. बाकाजवळ कुणी नव्हतं... सईसुद्धा. तळ्याच्या पायऱ्या एका जांभळीमागे आहेत, बाकावरून दिसत नाहीत. मी थेट तिकडेच का गेले, सांगता येत नाही. झोपाळे दुसऱ्या बाजूला होते, पोर तिथे असायची शक्यता जास्त.

सई पाण्यात होती. छातीपर्यंत. काठापासून दोन हात आत. हातात एक बूट, तो धुवायला उतरली असणार. रडत नव्हती, हलतही नव्हती. शांतपणे माझ्याकडे बघत होती.

माझ्या तोंडून आवाज कसा निघाला देव जाणे, पण वॉचमन धावत आला. शेवटच्या पायरीवर पालथा पडून त्याने तिला दंडाला धरून ओढलं. मग बोटी ओढायचा बांबू आणून त्याच जागी पाण्यात घातला. बांबू त्याच्याहून उंच होता. सगळा आत गेला, तळ लागला नाही.

“आजी,” तो म्हणाला, “पायरी संपली की इथे एकदम खोल आहे. ही उभी कशावर होती?”

एखादं खोड असेल म्हणून त्याने आजूबाजूला सगळीकडे बांबू फिरवला. काही नाही. शलाका तिकिटं घेऊन आली. ती तिथेच टाकून तिने सईला उचलून घेतलं.

मी अजून विज्ञानाचीच बाई आहे. फ्रॉकमध्ये हवा भरली असेल, कानात आलं ते स्वप्न असेल — रोज रात्री मांडून बघते, जमत नाही. त्या दिवशी निघताना पाण्याकडे वळले. “जाते” जिभेवर होतं. शेवटी काय म्हणाले ते लिहीत नाही, सूनबाई हे सदर वाचते.

गाडीत सई माझ्या शालीत गुंडाळून बसली होती. मी हळूच विचारलं, “पाण्यात कशावर उभी होतीस गं?”

“उभी कुठे होते? एका आजीच्या मांडीवर बसले होते. ती म्हणाली, हलू नको, तुझी आजी कधीची ‘येते’ म्हणून गेलीय, आता येईलच.”