पाचवा बदाम

बाबा पोफळीवरून पडले तेव्हा मी दहावीत होते. आमच्या श्रीवर्धनकडे सुपारी काढणारा माणूस एकदा वर चढला की दर झाडाला खाली उतरत नाही. झाड वाकवून, झोका घेऊन शेजारच्या पोफळीवर जातो. त्या दिवशी शेजारची पोफळ बाबांच्या हाताला लागली, पण ती आतून किडलेली निघाली. कंबर मोडली. त्यानंतर बाबा खाटेवर आणि आई दिवसभर दुसऱ्यांच्या सुपाऱ्या सोलत ओटीवर. भात शिजायचा, पण त्याच्यावर कालवण असेलच असं नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. बोलणं त्यांनी टाकूनच दिलं होतं.

अशा एका दुपारी इब्राहिमचाचा आले. सुपारीच्या वाडीच्या पलीकडचं घर त्यांचं. आयुष्यभर मालवाहू जहाजावर खलाशी होते, आता निवृत्त. मुलगा सलीम कुवेतला, घरी फक्त चाची. आजाऱ्याला भेटायला लोक केळी आणतात. चाचांनी खिशातून पत्त्यांचा जोड काढला.

"सदूभाऊ, तोंड हिकडं करा. पानं वाटलीत."

"चाचा, मी आता काय खेळणार?"

"खेळायला कंबर लागत न्हाय."

जहाजावर शिकलेला हा पोकर. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मध्ये पाच पानं सगळ्यांची, एकेक टप्प्यानं उघडायची. त्यातून ज्याची पाच पानं भारी, त्याचा डाव. पैसा चाचांना चालायचा नाही. आईच्या टोपलीतल्या न सोललेल्या सुपाऱ्या लावायच्या आणि खेळ संपला की परत टोपलीत टाकायच्या. आई म्हणायची, "जिंका कुणीही, सोलायच्या मलाच!"

एका वेळी किती लावायचं ते ठरलेलं. आधी दोन सुपाऱ्या, पुढच्या पानांना चार. त्याहून जास्त नाहीच. चाचा याला हद्दीचा खेळ म्हणायचे. "बिगर हद्दीच्या खेळात एका फटक्यात माणूस उठतो. जहाजावर कुठं जाणार त्यो? तोंड रोज बघायचंय. हद्दीत माणूस हळूहळू पडतो, नि हळूहळू वर पण येतो." हे सांगताना ते पानांकडे बघायचे, बाबांकडे नाही. बाबांना मात्र कळायचं.

त्यांचा आणखी एक कायदा होता, तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. ज्याचा डाव अर्धा राहिला, हवं ते पान शेवटपर्यंत आलं नाही, त्यानं आपली पानं उघडी टाकून मोठ्यानं सांगायचं, "मी अमक्या पानाची वाट बघत होतो." लपवायचं नाही. "वाट बघण्यात कसली शरम?" असं ते म्हणायचे.

एकदा माझ्या हातात बदामचा एक्का आणि सत्ती आली. मध्ये तीन पानं उघडली, त्यात दोन बदाम. माझे चार झाले, पाचवा आला की पाची पानं एका रंगाची, म्हणजे डाव माझा. चाचांनी वाढवलं, बाबा आत राहिले. चौथं पान किलवर निघालं. चाचांनी पुन्हा चार सुपाऱ्या लावल्या, बाबांनीही चार टाकल्या. मी पानं खाली ठेवायला निघाले.

"का गं सुमे?" चाचांनी विचारलं.

"आलं नाही तर?"

"चार-पाच वेळात एकदा येतं. पन ढिगारा बघ आधी. मधी किती पडलंय नि तुझ्याकडं मागतायत किती? ढिगारा मोठा नि मागणं लहान असलं तर वाट बघायची. ढिगाराच लहान असला तर गुमान सोडायचं."

मी थांबले, चार सुपाऱ्या टाकल्या. शेवटचं पान बदामची दुर्री. मी लावल्यावर चाचांनी फक्त तेवढ्याच सुपाऱ्या टाकून माझी पानं मागितली आणि स्वतःचे दोन राजे उघडे केले. "मघाशी राजे भारी व्हते म्हणून वाढवत व्हतो. मोठी जोडी असली की दुसऱ्याला फुकट पान बघू द्यायचं न्हाय. आता तीन बदाम दिसतायत, तर एकदा बघून घ्यायचं, वाढवायचं न्हाय. राजे झाले म्हणून काय झालं!"

त्या दुपारी बाबा हसले. पडल्यानंतर पहिल्यांदा. आई सुपारी सोलायची थांबली.

मी कॉलेजात गेले. बी.कॉम.ची दोन वर्षं झाली आणि त्या जूनमध्ये चक्रीवादळ आलं. सकाळी ज्या वाडीत ऊन शिरत नव्हतं, ती संध्याकाळी उघडं माळरान झाली होती. आमचं छप्पर गेलं, चाचांची सगळी वाडी आडवी झाली. आईला सोलायला सुपारीच उरली नाही. दिवेआगरच्या एका लॉजवाल्यानं मला गल्ल्यावर बसायला बोलावलं. बाबा तेव्हा काठीवर चालायला लागले होते. म्हणाले, "शिक्षण पुरे. हातात आलेलं सोडायचं नाही."

चाचा आमच्या ताडपत्रीखाली उकिडवे बसले होते. "सदूभाऊ, हातात जोडी हाय, कबूल. पन दुर्रीची जोडी हाय ती. उपाशी माणसाला ती पन राजाची वाटते."

"आणि नाही जमलं तर, चाचा?"

"तर पानं उघडी टाकून सांगायचं, वाट बघत व्हतो. पोरीकडं चार बदाम हायेत. एकाच पानासाठी उठवता तिला?"

बाबा काठी टेकत उठले. मग आईला म्हणाले, "लॉजवाल्याला नाही म्हणून कळव."

साथीमुळे कॉलेजं बंद होती, शेवटच्या वर्षाची परीक्षा फोनवर आली. आमच्या घरी तसला फोन नव्हता. चाचांकडे होता, सलीमनं पाठवलेला; त्यावर रोज संध्याकाळी बापलेक एकमेकांची तोंडं बघायचे. चाचांनी त्याला सांगितलं, "परीक्षा होईस्तोवर फोन करू नको. फोन कॉलेजात जातो." कॉलेजला नंबरही त्यांनी तोच द्यायला लावला. रेंजसाठी मी टेकाडावर बसायचे आणि चाचा खाली रस्त्यावर उभे राहून गुरं हाकलायचे. तेव्हाच त्यांना धाप लागत होती. ऊन म्हणून ती सगळ्यांनीच सोडून दिली.

परीक्षा संपली आणि चाचांनी अंथरूण धरलं. साथीमुळे विमानं बंद होती, सलीमला येता येत नव्हतं. आता बाबा काठी टेकत त्यांच्या उशाशी जायचे, पानं वाटायचे. एका दुपारी चाचांनी पानं हातात घेतली आणि न बघताच उघडी करून चादरीवर ठेवली.

बाबा म्हणाले, "कायदा तुमचाच आहे, चाचा. सांगा."

"दोन पानांची वाट बघत व्हतो." धाप लागत होती. "सलीम घरी यायचा, नि सुमीचा निकाल."

"येतील की."

"येतील. येऊ देत."

त्याच आठवड्यात ते गेले. सलीमनं बापाची माती त्याच फोनवर पाहिली. बायका कबरस्तानात जात नाहीत. मी चाचीजवळ बसून राहिले. बाबा खांदा देऊ शकत नव्हते, पण काठी टेकत सगळ्यांच्या मागून कबरस्तानाच्या दारापर्यंत चालत गेले.

पावसाळा सरताना एका सकाळी चाचीनं कुंपणावरून हाक मारली, "सुमे, ह्यांच्या फोनवर तुझं काय तरी आलंय गो!" मी त्यांच्या पडवीत उभी राहून वाचलं. मग पुन्हा मोठ्यानं वाचलं, चाचांची रिकामी खुर्ची होती तिकडे तोंड करून. चाची पदर तोंडाशी धरून रडली, मीही रडले.

मी बी.कॉम. पास झाले. आमच्या घरातली पहिली.