शेठ, आज कुठले?

बाकीच्यांना किस्से आठवावे लागतात, माझे माईकजवळ आपणहून चालत येतात. पनवेलच्या पट्ट्यात हळदीच्या कार्यक्रमांना पाहुण्यांची नावं पुकारणं हा माझा धंदा. नाव, हुद्दा, पक्ष, मग शाल-श्रीफळ. नाव चुकलं तर लोक माफ करतात. पक्ष चुकला तर पुढची हळद हातची जाते.

आमच्या धर्माशेठनी मला जेवढा घाम फोडला, तेवढा कुणीच नाही.

नेऱ्याला एका हळदीला ते पेणहून येणार होते. मी आधीच फोन करून पक्ष विचारून ठेवला आणि ते मांडवात शिरताच खणखणीत आवाजात पुकारला. शेठनी शांतपणे हार घालून घेतला आणि माझ्या कानाशी लागले, "निघालो तवा बरोबर होतं. पळस्पे फाट्यावर ट्रॅफिकमंदी अडकलो, तिथं फोन आला."

तेव्हापासून गाडी थांबली की मी काचेपाशी जाऊन विचारायचो, "शेठ, आज कुठले?" ते कधी रागावले नाहीत. एकदा मात्र त्यांनी आधी ड्रायव्हरकडे बघितलं.

सभेलाही माईक माझाच. एकदा शेठनी रस्त्यातल्या खड्ड्यांवरून सत्ताधाऱ्यांना असं काही धुतलं की विचारू नका. मागून कुणीतरी ओरडलं की शेठ, या रस्त्याचा नारळ तुम्हीच फोडला होता. शेठ म्हणाले, "म्हणून तर आतलं सगलं मला ठावं हाय!" टाळ्या त्यांनाच पडल्या.

शेठच्या घरी गेलं की वहिनी आग्रहाने जेवायला बसवणार. तांदळाच्या भाकऱ्या टोपलीत उपरण्यात गुंडाळलेल्या. शेठनी जो पक्ष सोडला, त्याचं उपरणं दुसऱ्या दिवशी टोपलीत. त्या घरात पेपर वाचायची गरजच नव्हती.

आम्ही हसायचो खरे, पण मला शेठची दयाही यायची. त्यांना फक्त नगरसेवकाचं तिकीट हवं होतं. जो पक्ष कबूल करायचा त्यात ते जायचे, आणि ऐनवेळी तिकीट तिसऱ्यालाच मिळायचं. एका दुपारी मी रिकाम्या मांडवात माईक तपासत होतो. शेठ लवकर आले, इकडेतिकडे बघून म्हणाले, "एकदा 'नगरसेवक धर्माशेठ' बोलून बघ ना." मी बोललो. ते खुर्च्यांकडे बघत हात जोडून उभे राहिले.

आणि यंदा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला.

वहिनींचा बचतगट मोठा, माणसं जोडलेली, त्यामुळे सगळ्याच पक्षांची माणसं शेठच्या हॉलमध्ये हजर. ओळख करून द्यायला मलाही बोलावलं होतं. शेठ कडक इस्त्रीत. वहिनी नुसत्या उभ्या राहतील, बाकी सगळं आपण बघू, असं ते सगळ्यांना सांगत होते. स्वतःला तिकीट नाही तर नाही, सत्ता तरी घरात येणार होती.

वहिनी भाकऱ्या थापता थापता बाहेर आल्या, हाताला पीठ तसंच.

"तिकीट मला देताव ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मंग कंच्याबी पक्षाचं चालंल. अट एकच. यांना पक्षात घ्यायचं नाय."

शेठ खुर्चीतून अर्धे उठले. "अगो, मी तुजा नवरा हाय!"

"म्हणून तर घरात ठेवलंय."