कबरीचं रक्त

रक्ताचं औषध करायची ही विद्या खुमेंद्र पटलेला मी शिकवली. त्याची गोष्ट सांगायची तर आधी माझा वाटा कबूल करायला हवा.

२०१४ साली आमगाव तालुक्यातल्या एका गावी मी गुरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. खुमेंद्र त्याच गावचा, पवार समाजाचा, तिशीतला. घरी थोडी धानाची शेती, बायको ओमेश्वरी आणि एक कबरी गाय. मोटरसायकलला गोठवलेल्या रेताचं नायट्रोजनचं भांडं बांधून तो गावोगाव फिरायचा आणि माजावर आलेल्या गाईंना कृत्रिम रेतन करायचा. त्याच्या हाताला विलक्षण जाण होती. गाईच्या पोटात हात घातला की दीड महिन्याचा गाभही त्याला कळायचा.

उलटणाऱ्या गाईंनी मात्र त्याला छळलं होतं. चार-चार वेळा रेतन करूनही गाय गाभ धरत नसे. मग मालक तिला विकून टाकायचा, नाहीतर मोकाट सोडायचा. मुन्नीबाईंची लाल गाय सहाव्यांदा उलटली तेव्हा तो माझ्याकडे आला.

"साहेब, पिशवी साफ आहे, माज बराबर आहे. काऊन नाही ठरून राहिली?"

मी तेव्हा एका नव्या उपचाराबद्दल वाचत होतो. गाईचंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, वर पिवळसर थर जमतो तो घ्यायचा आणि तिच्या गर्भपिशवीत सोडायचा. त्या थरात जखमा भरून आणणारे कण असतात. पिशवीचं झिजलेलं अस्तर त्यांच्यामुळे पुन्हा धरतं. मालकांना विचारून आम्ही तीन गाईंवर तो करून पाहिला. दोन गाभण राहिल्या. त्यातली एक मुन्नीबाईंची.

खुमेंद्र ती काचेची नळी उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होता.

"हिचंच रगत अन् हिलेच औषध?"

"हिचंच. दुसऱ्या गाईचं कधीही नाही. आणि आधी तपासणी. गाभ टाकण्याचा रोग अंगात असेल तर तिला हात लावायचा नाही."

त्यानं मान हलवली. वर्षभरानं माझी बदली झाली.

गोंदियातल्या एका बंद पडलेल्या तपासणी केंद्रातून त्यानं रक्त फिरवायचं जुनं यंत्र आणलं. त्याचे फोन यायचे. अमक्याची गाय ठरली, तमक्याची म्हैस ठरली. बालाघाटकडूनही लोक त्याला न्यायला येऊ लागले होते. एकदा त्यानं विचारलं, "साहेब, उन्हाळ्यात गाई लय वाळल्या आहेत. त्यायचं रगत काढाले जीव होत नाही. माही कबरी धडधाकट आहे. तिचं घेतलं तं?"

"नाही म्हणून सांगितलंय ना तुला."

तो लगेच पावसापाण्याचं बोलू लागला. त्या विषय बदलण्याचा अर्थ मला कळला होता. मी पुन्हा फोन केला नाही.

२०१७ च्या भादव्यात मुन्नीबाईंच्या लाल गाईनं पुढच्या वेताला सातव्या महिन्यात गाभ टाकला. आठवड्यानं इंदरलाल बिसेन यांच्या गाईनं टाकला. मग एकाच गल्लीत तिघींनी. कुणी म्हणालं चारा बाधला, कुणी म्हणालं गावावर नजर आहे. टाकलेली वासरं लोक नाल्याकाठी नेऊन फेकत आणि कुत्री त्यांचे तुकडे गावात ओढून आणत. वासरामागून पडणारी वार आत अडकली की खुमेंद्रला बोलावणं यायचं. तो उघड्या हातांनी ती काढायचा आणि तेच हात धुऊन पुढच्या गोठ्यात शिरायचा.

दिवाळीच्या सुमारास ओमेश्वरीचा फोन आला. तोवर ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

"साहेब, ह्यायले दीड महिन्यापासून ताप आहे. दुपारी चढते, पहाटे घाम येऊन उतरते. कंबर धरली आहे. मलेरियाच्या गोळ्या दोनदा झाल्या. अन् गावात गाई टाकून राहिल्या. मले तं दोन्ही एकच वाटते."

"तुमच्या कबरीनं कधी टाकलं होतं का?"

"बाजारातून आणली त्याच साली. सातव्या महिन्यात. नंतर बराबर व्याली, म्हणून कोणाले सांगतलं नाही."

दुसऱ्याच दिवशी मी निघालो. खुमेंद्र ओसरीत खाटेवर पडला होता. मोठ्या मुश्किलीनं उठून बसला. तेवीस गाईंचं रक्त घेतलं, त्याचंही तपासायला दिलं. आठवड्यानं निकाल घेऊन मी परत आलो. नऊ गाईंना सांसर्गिक गर्भपाताचा रोग होता. पहिली कबरी. खुमेंद्रलाही तोच; माणसाला तो वारेतून किंवा कच्च्या दुधातून लागतो आणि ताप होऊन राहतो.

"माह्या गाईच्या रगतानं झालं?" त्यानं विचारलं.

रक्तातून किती पसरलं आणि त्याच्या हातांवरून किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी तेच म्हणालो.

"म्हणजे दोन्हीकडून मीच," तो म्हणाला.

मग त्यानं चप्पल घातली. ओमेश्वरीनं अडवलं नाही. भिंतीला धरत-धरत तो माझ्याबरोबर घरोघरी आला, आणि प्रत्येक दारात त्यानं स्वतःच सांगितलं. इंदरलाल यांनी त्याच्या तोंडावर दार लावलं. मुन्नीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आतल्या खोलीकडे पाहिलं.

"दूध तं आमी कच्चंच देतो पोरीले," त्या म्हणाल्या. "ताकद येते म्हणून."

त्यांची नात प्रेरणा, सहा वर्षांची, आत गोधडी घेऊन पडली होती. मी कपाळाला हात लावला. तापलं होतं.

"कधीपासून?"

"नवरात्रापासून. येते, जाते."

प्रेरणाला सहा आठवडे औषध चाललं. ती बरी झाली. खुमेंद्रचा ताप गेला, पण उजवा खुबा कायमचा दुखावला. तो आता काठी घेऊन चालतो. यंत्र त्यानं पुन्हा लावलं नाही. रेतनाचं भांडंही देऊन टाकलं.

गाईंचं काय करायचं, हाच खरा प्रश्न होता. कायद्यानं त्यांना मारता येत नाही, बऱ्या होत नाहीत, दिसतात मात्र ठणठणीत. नऊही गाई गावाबाहेर एका गोठ्यात वेगळ्या ठेवायच्या असं ठरलं. धानाचं तणस घालायला खुमेंद्र जायचा, जाडे हातमोजे घालून. मार्गशीर्षात एका सकाळी तो गेला तेव्हा गोठ्यात चारच गाई होत्या. खुंटे रिकामे, दावी सोडलेली. कानातले ओळखीचे बिल्ले गव्हाणीत कापून टाकलेले होते. त्यानं मोजले, पाच. कबरी जागेवरच होती.

मालकांनीच रात्रीतून बाजाराची वाट धरली असणार, पण गावात कुणी कबूल केलं नाही. इंदरलाल म्हणाले, "मले का मालूम?"

तेव्हापासून खुमेंद्र दर आठवड्याला गुरांच्या बाजारात जातो. काठी टेकत गाईंमधून फिरतो, बिल्ल्यासाठी कापलेले कान शोधतो, घेणाऱ्याला विचारतो, "हिनं कधी गाभ टाकला होता का, विचारलं का तुमी?" व्यापारी त्याला हुसकून लावतात. एकदा त्याला मारलंही. त्या पाचांतली एकही त्याला अजून दिसलेली नाही.

मागच्या मंगळवारी त्याचा फोन आला. आवाज अगदी खाली होता.

"साहेब, सालेकशाकडे एका गावात दोन गाईंनी टाकलं. दोन्ही सातव्या महिन्यात. मी जाऊन राहिलो."

"थांब, मी येतो," मी म्हणालो. "हात लावू नकोस कशाला."

"वार अडकली आहे म्हणते," तो म्हणाला. "तिथली एक बाई सकाळपासून हातानं काढून राहिली."